मोरीच्या खोलीतलं दुकान

न्यूझीलंडमधल्या अवोन्डेलला रविवारच्या बाजाराकडे जाताना डाव्या हाताला एक मोठं पांढरं घर लागतं. लांबून ते दगडी वाटतं. कोपऱ्यांना घडीव चिरे, दारावर कमान, खिडक्यांभोवती जाड कंगोरे. जवळ जाऊन बोटाने टकटक केली की कळतं, सगळं लाकूड आहे. कौरी या इथल्या झाडाच्या फळ्या चिऱ्यांच्या मापाने कापून, कडा तासून, रंगात वाळू कालवून दगडाचा भास केलेला. हे घर बांधणारा गृहस्थ इंग्लंडहून आला होता. त्याला आपल्या वडिलांच्या घरासारखंच घर हवं होतं, म्हणून त्याने तोच नकाशा जसाच्या तसा इथे उतरवला.

एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही, किंवा कुणी सांगितली असली तरी त्याने ऐकलं नाही. इंग्लंडात ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणून तिथे बैठकीची खोली दक्षिणेला ठेवतात. न्यूझीलंडमध्ये सूर्य उत्तरेच्या बाजूने फिरतो. त्यामुळे या घराचा रस्त्याकडचा दिमाखदार दिवाणखाना बाराही महिने गारठलेला, आणि अगदी मागे, मोलकरणींनी भांडी घासावीत म्हणून काढलेली जी बसक्या छपराची खोली, तिच्यात दिवसभर लख्ख ऊन.

त्या मोरीच्या खोलीत स्नेहलताताईंचं कपडे शिवण्याचं आणि दुरुस्त करण्याचं दुकान आहे. माझ्या मुलाच्या शाळेच्या पँटी आखूड करून घ्यायला मी पहिल्यांदा तिथे गेले आणि मग जातच राहिले. त्यांच्यावर काय गुदरलं आणि त्यांनी काय केलं, ते मी थोडं पाहिलं आणि बरंचसं त्यांच्याकडूनच ऐकलं.

ताई मूळच्या पुण्याच्या. त्यांचे यजमान रमण संगणकातले, बँकेत चांगल्या नोकरीवर. इथे आल्यावर काही वर्षं भाड्याच्या घरात काढून त्यांनी फ्लॅट बुश या उपनगरात मोठं नवं घर घेतलं. चार बेडरूम, दोन गाड्यांचं गॅरेज. ताई त्या गॅरेजात मशीन मांडून मराठी मंडळातल्या बायकांचे ब्लाउज शिवायच्या. घरात खोल्या रिकाम्या असताना गॅरेजात का, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "चिंध्या होतात गं सगळीकडे. इथेच बरं."

मग एका संध्याकाळी ऑफिसातून घरी येताना मोटरवेवर रमणच्या छातीत कळ आली. त्यांनी गाडी नीट कडेला घेतली, धोक्याचे दिवे लावले, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मागून येणाऱ्यांना वाटलं, गाडी बिघडली असेल. ताई हे सांगतात तेव्हा दर वेळी दिव्यांपाशी थांबतात. "तेवढ्यातही दुसऱ्याचा अपघात होऊ नये एवढं पाहिलं त्यांनी," म्हणतात.

एकुलती मुलगी ओवी तोवर शिकून वेलिंग्टनला नोकरीला लागली होती. ताईंनी ते मोठं घर विकलं आणि अवोन्डेलला दोन खोल्यांचं छोटंसं घर घेतलं. बाजारात मेथी घ्यायला जाताना त्यांना त्या पांढऱ्या घराबाहेर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी दिसली.

घरात तेव्हाही दुकानंच होती, आजही आहेत. दिवाणखान्यात सीना नावाच्या सामोअन बाईचा कॅफे. तिथल्या फायरप्लेसच्या कोनाड्यात कॉफीच्या पिशव्या रचलेल्या. जेवणाच्या खोलीचे दोन भाग केलेत, एकात न्हावी, दुसऱ्यात फुलवाला. त्या खोलीच्या छताला मधोमध प्लास्टरचं भलंमोठं फूल होतं आणि पार्टिशन बरोबर त्याच्या मधून गेलंय. अर्ध्या पाकळ्या न्हाव्याकडे, अर्ध्या फुलवाल्याकडे. वरच्या बेडरूम्समध्ये हिशेबनीस, सुया टोचणारे चिनी डॉक्टर आणि नखं रंगवणारी एक मुलगी. मागची खोली मात्र कुणालाच नको होती. रस्त्यावरून दिसायची नाही, आणि तिथे जायचं तर अख्खा अंधारा बोळ ओलांडून जावं लागायचं. घराचे मालक ग्रॅहम यांना वाटलं, या बाईही पाहून परत जातील. पण ताई खोलीत उभ्या राहिल्या. जुन्या विटांच्या धुराड्यावर ऊन पडलं होतं. खिडकीची काच वरखाली सरकणारी, चौकटीच्या आत दोरीला लोखंडी वजनं. त्यांनी ती एका बोटाने वर ढकलली. जिथे सोडली तिथेच ती थांबली.

"चालेल," त्या म्हणाल्या.

ओवीला फोनवर सांगितलं तर ती हसायलाच लागली. "मम, स्कलरी म्हणजे काय माहितीये का तुला?"

"माहितीये. मोरी."

"तू मोरीत शॉप काढतेयस?"

"ऊन येतं तिथे," ताई म्हणाल्या.

दुकान चांगलं चाललं. आपल्या बायकांचे ब्लाउज होतेच, पण लग्नाचे गाऊन, शाळांचे गणवेश, न्हाव्याचे फाटलेले एप्रन, असं काहीही येऊ लागलं. सीना रोज दुपारी कॉफीचा कप घेऊन मागे यायची आणि उन्हात पाय पसरून बसायची. "अख्ख्या घरात माझं भाडं सगळ्यात जास्त आणि थंडीही माझ्याकडेच सगळ्यात जास्त," असं म्हणायची. दोघींची चांगली गट्टी जमली.

गेल्याच्या गेल्या वर्षी जूनमध्ये मोठं वादळ झालं. वारा सकाळपासून घोंघावत होता. सीनाच्या भाचीचं लग्न होतं आणि तिचा गाऊन ताईंनी शिवत आणला होता. भाची घालून पाहायला आली, पण मागच्या खोलीतला आरसा तिला पुरेना म्हणून सगळ्या कॅफेतल्या मोठ्या आरशापाशी गेल्या. ताई तोंडात टाचण्या धरून गुडघ्यावर बसल्या होत्या, घेर बरोबर करत. तेवढ्यात मागून असा आवाज आला, जणू कुणीतरी ट्रकभर खडी ओतली.

धुराड्याचा छपरावरचा भाग वाऱ्याने कोसळला होता. विटा पत्रा फोडून थेट शिवणाच्या टेबलावर पडल्या होत्या. मशीनचं मुंडकं तुटून जमिनीवर, खुर्ची मोडलेली, आणि सगळ्यावर कित्येक वर्षांच्या काजळीचा जाड थर. छपराच्या भोकातून पाऊस आत येत होता. सीनाने ताईंचा हात धरला तो सोडेना. भाची रडायला लागली. ताईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि म्हणाल्या, "गाऊनवर काजळी उडेल. तिला पुढे घेऊन जा."

त्या स्वतः रडल्या नाहीत. घरी जाऊन वरणभाताचा कुकर लावला आणि शिट्या मोजायलाच विसरल्या. हेही त्यांनीच सांगितलं.

दोनेक दिवसांनी विमावाल्यांनी एक इंजिनियर पाठवला. पिवळं जाकीट, डोक्याला हेल्मेट, पस्तिशीचा सावळा तरुण. ताई काजळीने माखलेली कापडं एका कोपऱ्यात निवडत बसल्या होत्या. तो ग्रॅहमशी इंग्रजीत बोलत होता: उरलेलं धुराडं पायापर्यंत पाडावं लागेल, मागची भिंत त्याच्याच आधाराने उभी आहे, तीही जाईल. हा भाग मूळ घराला मागून टेकवलेला, त्यात कैकदा फेरफार झालेले, जतन करण्यासारखं त्यात विशेष काही नाही. ग्रॅहम थकल्या आवाजात म्हणाले, "मग पुन्हा बांधताना साधी भिंत घालू आणि स्टोअररूम करू. भाड्याने द्यायची कटकटच नको."

ताई उठल्या. हातातलं कापड झटकत स्वतःशीच मराठीत म्हणाल्या, "विशेष काही नाही म्हणे."

तो तरुण वळला. "काकू, तुम्ही मराठी?"

त्याचं नाव सुगत. नागपूरचा, फ्लॅट बुशला राहणारा. त्याने हेल्मेट काढलं आणि ओशाळून म्हणाला, "माझं म्हणणं जुन्या वास्तूंच्या नोंदीपुरतं होतं काकू. तुमच्या दुकानाबद्दल नव्हतं."

"तुम्ही तुमचं काम केलंत," ताई म्हणाल्या. "मला राग नाही." पण राग होता. घरी आल्यावर त्यांनी मला फोन केला आणि अर्धा तास त्या पोरावर तोंडसुख घेतलं. आपला माणूस भेटतो आणि तोच आपली खोली मोडायला सांगतो, हे त्यांना फार लागलं होतं.

सीनाने कॅफेतली दोन टेबलं हलवून ताईंना रस्त्याकडच्या खिडकीत जागा करून दिली. जुनं मशीन एका मैत्रिणीने दिलं. ती खिडकी त्या घराची शान. तीन बाजूंनी बाहेर आलेली, वर रंगीत काचांची नक्षी. पण बाहेर रुंद व्हरांडा आणि त्यापुढे नॉरफोक पाइनचं अवाढव्य झाड. भर दुपारी दिवा लावावा लागायचा. जुलैच्या ऐन थंडीत ताईंची बोटं इतकी आखडायची की सुईत दोरा ओवायला त्या सीनाच्या गिऱ्हाइकांना सांगायच्या. धंदा मात्र वाढला. रस्त्यावरून लोकांना त्या दिसायच्या, आत यायचे, "किया ओरा" असा माओरी नमस्कार करायचे आणि "ही झिप बदलून मिळेल का?" विचारायचे.

त्याच सुमारास ओवी चार दिवस आली. खिडकीत लोकरीचे हातमोजे घालून बसलेली आई पाहून तिचे डोळे भरून आले. कॅफे बंद झाल्यावर ती म्हणाली, "मम, जस्ट कम टु वेलिंग्टन. माझ्याकडे रूम आहे."

"कुठली रूम?"

"मागची. गार्डनकडची." आणि बोलता बोलता ती थबकली. "यू नो व्हॉट? तू नेहमी मागचीच रूम घेतेस. गॅरेज, मग ही स्कलरी. आता मीही तुला मागचीच देतेय."

त्या बोलण्याने ताईंची झोप उडाली. खरंच होतं ते. लग्न होऊन आल्या तेव्हा सासरी दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि मशीन गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली. कुणी त्यांना तिथे ढकललं नव्हतं. त्या आपणहून जाऊन बसायच्या, म्हणजे कुणाच्या पायात येणार नाही. फ्लॅट बुशच्या घरात रमण कितीदा म्हणाले होते, वरची उजेडाची खोली घे म्हणून. "त्यांचं ऐकलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं," त्या मला म्हणाल्या. वेलिंग्टनबद्दल त्यांनी ओवीला सांगितलं, धुराडं पडू दे, मग बघू.

ऑगस्टमध्ये धुराडं पाडायचं काम सुरू झालं. माणसं विटा एकेक करून सुट्या करत होती, कारण ग्रॅहमना त्या विकायच्या होत्या. सुगत देखरेखीला यायचा. येताना कॅफेत डोकावून "काकू, कशा आहात?" विचारायचा, आणि ताई "बरी आहे" एवढंच म्हणायच्या. एकदा त्याने आपल्या आईने पाठवलेले तिळाचे लाडू टेबलावर ठेवले आणि मागे कामाकडे गेला. दुसऱ्या दिवशी ताईंनी त्याचं जाकीट मागून घेऊन उसवलेली शिवण घालून दिली.

शेवटचा भाग पडला त्या दिवशी आकाश निरभ्र होतं. सकाळची वेळ. कॅफेत चार माणसं कॉफी पीत बसली होती. धुराडं आणि त्यामागची भिंत खाली आली, धूळ बसली, आणि मागच्या मोकळ्या जागेतून ऊन आत शिरलं. मोरीची खोली ओलांडून, अंधारा बोळ ओलांडून ते थेट सीनाच्या काउंटरपर्यंत आलं. बोळाच्या भिंतींवर खालच्या अंगाला नक्षीदार लाकडी फळ्या आहेत, हे तिथे वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांनाही तेव्हा कळलं. न्हावी हातात कात्री घेऊन दारात आला. सीना म्हणाली, "हे काय झालं?"

ताई उठून मागे गेल्या. सुगत भोकापाशी उभा राहून मजुरांना काही सांगत होता. बाहेर गाड्या लावायची जागा दिसत होती. एक बाई बाबागाडी ढकलत, घराला वळसा घालून पुढच्या दाराकडे निघाली होती. पुढच्या दाराला पायऱ्या आहेत. तिथे तिला कुणाला तरी हाक मारावी लागणार होती.

"सुगत," ताई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी त्याला नावाने हाक मारली. "इथे भिंत परत घालायलाच हवी का?"

"म्हणजे?"

"दार नाही ठेवता येणार?"

सुगतने जमिनीकडे पाहिलं, बाहेर पाहिलं. मागची जमीन चढाची होती, उंबरठ्याशी जवळजवळ सपाट. "येईल," तो सावकाश म्हणाला. "छप्पर पेलायला इथे पोलादी चौकट घालावीच लागणार आहे. तिच्यात दार बसेल. पायरीही लागायची नाही." मग तो थांबला. "पण काकू, इथे दार आलं तर लोक तुमच्या खोलीतूनच ये-जा करतील. निम्मी खोली रस्त्यात जाईल."

"माहितीये मला."

"तुम्हाला शांतता आवडते ना?"

"आवडते," ताई म्हणाल्या. "पण हे ऊन बघ की कुठवर गेलंय."

ग्रॅहमशी त्या स्वतःच बोलल्या. सुगतने बोलू का म्हणून विचारलं तर नको म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी कामापुरतं, पण त्या दिवशी अडलं नाही. गाड्या मागे लागतात आणि गिऱ्हाइकं पावसात वळसा घालून पुढे येतात, म्हातारी माणसं पायऱ्या पाहून परत जातात, वरच्या डॉक्टरांच्या पेशंटना तर जिन्याआधीच दम लागतो. स्टोअररूममध्ये ठेवायला ग्रॅहमकडे आहे तरी काय? ग्रॅहमनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "माझी बायको व्हीलचेअरवर आहे. ती या घरात शेवटची कधी आली होती, मला आठवत नाही."

सगळं सुरळीत झालं असं नाही. वरच्या हिशेबनिसाला चोरीची भीती वाटत होती. फुलवाल्याला वारा नको होता. जुन्या वास्तूंची देखरेख करणाऱ्या बाई आल्या, त्यांनी कितीतरी आठवडे घेतले. ग्रॅहमची इच्छा होती की मागेही पुढच्यासारखी कमान आणि लाकडी चिरे करावेत. त्या बाई नको म्हणाल्या. आज केलेलं काम आजचंच दिसू दे, जुनं असल्याचं सोंग नको. म्हणून साधं, रुंद, काचेचं दार बसलं. नोव्हेंबर उजाडला तोवर. ताईंनी पूर्ण हिवाळा खिडकीत हातमोजे घालून काढला.

आता खोलीच्या एका अंगाने येण्याजाण्याची वाट आहे आणि दुसऱ्या अंगाला, खिडकीपाशी, ताईंचं टेबल. पहिले काही दिवस त्यांना ते असह्य झालं. दर माणूस जाता जाता बोलायचा. कापणी करताना लक्ष उडायचं, एका ब्लाउजची बाही उलटी लागली. एकदा तर त्यांनी सीनाला म्हटलं की चूक झाली माझी, मला परत तुझ्या खिडकीत बसू दे. सीनाने टेबलं आधीच मांडून टाकली होती. "जागा नाही," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून ताईंजवळ उन्हात बसली.

उन्हाळ्यात सुगतची आई लीलाबाई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. फ्लॅट बुशला मुलगा-सून कामाला गेले की त्या मोठ्या घरात दिवसभर एकट्या, बोलायला कुणी नाही. सुगत एकदा त्यांना ब्लाउजच्या निमित्ताने ताईंकडे घेऊन आला. लीलाबाई परत जायलाच तयार होईनात. मग आठवड्यातून दोनतीनदा तो कामावर जाताना त्यांना सोडू लागला. लीलाबाई दारापाशी बसून हुकं लावायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाची चाल पाहून ताईंना मराठीत निदान सांगायच्या. "याचा गुडघा गेलाय बघा. हिला ॲनिमिया आहे." ताईंना इतकं हसू यायचं की मशीन थांबवावं लागायचं.

"तुमच्या लेकाचा मला फार राग आला होता," एकदा त्या लीलाबाईंना म्हणाल्या.

"मला माहिती आहे," लीलाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी घरी येऊन जेवला नाही तो. म्हणे, आई, एका बाईची खोली गेली माझ्या सहीने. मी फोनवर म्हटलं, खोली गेली तर जाऊ दे, बाई वाचली ना?"

ताईंनी हातातली बाही खाली ठेवली. मग त्यांनी चहा टाकला.

वेलिंग्टनला त्या गेल्या नाहीत. ओवीला त्यांनी सांगितलं, राहायला येणार नाही, पण दर वर्षी नाताळात पंधरा दिवस येईन, आणि येईन तेव्हा पुढची खोली मला हवी. ओवी म्हणाली, "डील." मागच्या डिसेंबरात ताईंनी पहिल्यांदा दुकान बंद ठेवलं. जायच्या आदल्या दिवशी मी मुलाची पँट आणायला गेले, तर त्या बॅगेत हातशिलाईचं सामान भरत होत्या. ओवीच्या घरातल्या पुढच्या खोलीचे पडदे आखूड आहेत, असं तिने फोटो पाठवून सांगितलं होतं.

"तिथेही काम?" मी विचारलं.

"अगं, तिनेच सांगितलंय," त्या म्हणाल्या. माझ्या हातात पँट दिली आणि खिडकीची कडी लावायला वळल्या.